हेन्री आठवा प्रोटेस्टंट झाला नव्हता

'आठव्या हेन्रीला घटस्फोट हवा होता, पोपने नाकारला, म्हणून राजा प्रोटेस्टंट झाला आणि इंग्लंडही.' शाळेपासून ऐकलेलं हे वाक्य अर्धंच खरं आहे.

१५३४ च्या कायद्याने हेन्री इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. रोमची, म्हणजे पोपची, सत्ता त्याने झुगारली, जुनी कॅथलिक श्रद्धा मात्र सोडली नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरविरुद्ध लिहिल्याबद्दल १५२१ मध्ये पोपनेच त्याला 'धर्मरक्षक' ही पदवी दिली होती. १५३९ च्या कायद्याने पाद्र्यांच्या लग्नावर बंदी कायम राहिली आणि प्रसादाची भाकरी प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर होते, हे नाकारणाऱ्याला जिवंत जाळण्याची शिक्षा ठरली.

३० जुलै १५४० चा दिवस मला विसरता येत नाही. लंडनच्या स्मिथफील्डकडे सहा धर्मगुरूंना फरफटत नेलं, एकेका फळीवर एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट असे जोडीने बांधून. तिघा प्रोटेस्टंटांना पाखंडी म्हणून जाळलं; राजाला चर्चप्रमुख न मानणाऱ्या तिघा कॅथलिकांना राजद्रोही म्हणून फाशी देऊन त्यांचे तुकडे केले.

मृत्युपत्रातही हेन्रीने आपल्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधी, करायला सांगितल्या. प्रोटेस्टंट उपासना आली ती १५४७ नंतर, मुलगा एडवर्ड गादीवर आल्यावर.