‘दाहशामक’ आणि पोटातलं बाळ : पार्श्वभूमी

गाभण उंदरीला दाह झाला, तिला वनस्पतीतला अमुक घटक दिला आणि पिल्लांचा मेंदू सावरला, अशा बातम्या आता वरचेवर येतात. त्यामागचा धागा फिनलंडपर्यंत जातो. १९५७ची आशियाई फ्लूची साथ हेलसिंकीत आली तेव्हा ज्यांच्या आयांना दुसरी तिमाही चालू होती, त्यांच्यात मोठेपणी स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार जास्त आढळल्याचं १९८८मध्ये प्रसिद्ध झालं. आईला खरोखर फ्लू झाला होता का, हे मात्र त्यात तपासलेलं नव्हतं. साथीच्या आणि जन्माच्या तारखा जुळवल्या होत्या. पुढच्या पाहण्यांत हा संबंध कधी दिसला, कधी नाही.

फ्लूचा विषाणू सहसा गर्भापर्यंत पोचत नाही. मग संशय आईच्याच प्रतिकारशक्तीवर आला. प्रयोगशाळांत विषाणूऐवजी त्याच्या आरएनएची (जनुकीय द्रव्याची) नक्कल करणारं रसायन टोचू लागले. इंटरल्यूकिन-६ हा संदेशवाहक रेणू अडवला तर पिल्लांच्या वागणुकीतले बरेच बदल टळतात, हे २००७मध्ये उंदरांत दिसलं. २०१६मध्ये इंटरल्यूकिन-१७चं नाव पुढे आलं. वनस्पती या गोष्टीत शिरल्या त्या इथे. अजमोदा आणि सेलरीत असणारं ल्युटिओलिन, ब्रोकोलीच्या मोडांतलं सल्फोराफेन, हळदीतलं कर्क्युमिन. आईचा दाह कमी केला की गर्भाचा मेंदू वाचेल, हा हिशेब.

गोंधळ ‘दाह’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे दाह म्हणजे जळजळ, पित्त, अंगाची आग. त्यामुळे ‘दाहशामक’ वाचलं की गुलकंद आणि सब्जा आठवतो. इथला दाह वेगळा. तो रक्तातल्या संदेशवाहक रेणूंचा असतो, आईला पोटात काहीही जळजळत नसताना. गंमत म्हणजे घरच्या हिशेबात हळद ‘उष्ण’, बातमीत तीच ‘दाहशामक’. दोन्ही वाक्यं एकाच स्वयंपाकघरात खरी मानली जातात!

शिवाय दाह शमवणं हा निव्वळ गुण नाही. पोटातल्या बाळाचं रक्त फुप्फुसांना वळसा घालून जातं. त्यासाठी हृदयाजवळची एक वाहिनी उघडी राहावी लागते आणि ती उघडी ठेवण्यात दाहातलेच प्रोस्टाग्लँडिन नावाचे रेणू कामी येतात. आयबुप्रोफेनसारख्या, दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या गरोदरपणाच्या उत्तरार्धात टाळायला सांगतात, त्याचं हे एक कारण. पॉलिफेनॉल (वनस्पतींतले घटक, ल्युटिओलिन आणि कर्क्युमिन याच गटातले) भरपूर असलेलं खाणंपिणं शेवटच्या तिमाहीत फार झालं तर ही वाहिनी अरुंद होते, असं ब्राझीलच्या काही डॉक्टरांनी मांडलं आणि आहार बदलल्यावर सुधारणाही नोंदवली. पुरावा अपुरा म्हणणारे आहेत. ही शंका बातम्यांत कधीच येत नाही, हे मला मात्र खटकतं.

मात्रेचाही प्रश्न आहेच. हळदीत कर्क्युमिन असतं २ ते ५ टक्के, त्यातलं रक्तात उतरतं फार थोडं. म्हणून गोळ्यांत मिऱ्यातलं पायपरीन घालतात. ते यकृतात इतर औषधांचाही निचरा मंदावतं.

२०१९मध्ये बांगलादेशाच्या ग्रामीण भागातल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं कुठून येतं याचा माग काढला, तेव्हा तो हळदीशी येऊन थांबला. रंग उठावदार दिसावा म्हणून हळकुंडांना शिशाचं क्रोमेट चोळलं जात होतं. शिसं तर वारेतून सरळ गर्भात जातं.