भूगळती संरक्षण, कारखान्यातील

विद्युत् परिपथातील प्रवाहाचा काही अंश ठरलेली वाट सोडून यंत्राच्या धातूच्या सांगाड्यातून, ओल्या जमिनीतून किंवा माणसाच्या शरीरातून भूमीकडे वाहू लागला, की ती गळती ओळखून पुरवठा तत्काळ तोडणारी व्यवस्था. तिच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनाला मानकांमध्ये ‘आरसीसीबी’ म्हणजे अवशिष्ट प्रवाह परिपथ खंडक म्हटले आहे; कारखान्यांतील वायरमन मात्र त्याला अजूनही सर्रास ‘ईएलसीबी’ (अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर) म्हणतात. हे नाव मुळात वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या एका जुन्या साधनाचे आहे.

फ्यूज व एमसीबी (अतिप्रवाह होताच आपोआप तुटणारा छोटा खंडक) यांचे काम तारांना अतिप्रवाहापासून वाचवणे हे आहे. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअर प्रवाह अखंड वाहू देतो. माणसाच्या बाबतीत मात्र हिशेब अँपिअरच्या सहस्रांशात करावा लागतो. ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची जाणीव साधारण ०.५ ते १ मिलिअँपिअरला होते. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते. ‘करंटने धरून ठेवले’ असे कामगार सांगतात ते याच अवस्थेविषयी. सुमारे ३० ते ५० मिलिअँपिअरच्या पुढे, प्रवाह किती वेळ टिकतो त्यानुसार, हृदयाच्या निलयांचे (खालच्या कप्प्यांचे) तंतुस्फुरण, म्हणजे विस्कळीत थरथर, सुरू होऊन रक्ताभिसरण थांबू शकते. शरीराचा रोध १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर वाहतात. हा प्रवाह माणसाला मारण्यास पुरेसा आहे, पण एमसीबीला त्याची दखलही घेता येत नाही.

अर्थिंग चांगले असले की पुरे, ही समजूतही अपुरी आहे. स्थानिक अर्थिंगचा रोध १० ओहम असेल आणि परतीच्या वाटेचा रोध नगण्य धरला, तर फेजची तार बॉडीला लागल्यावर २३ अँपिअर वाहतात. ६३ अँपिअरची फ्यूज त्याने उडत नाही, आणि यंत्राची बॉडी जवळजवळ पूर्ण दाबावर, हात लावणाऱ्याची वाट पाहत, तशीच राहते.

आरसीसीबीमध्ये फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा (त्रिकला म्हणजे थ्री-फेज पुरवठ्यात चारही) एका वलयाकार चुंबकीय गाभ्यातून नेलेल्या असतात. जाणारा आणि परतणारा प्रवाह समान असेल तोवर गाभ्यातील चुंबकीय स्रोत (फ्लक्स) शून्य राहतो. गळती झाली की समतोल ढळतो, गाभ्यावरील दुय्यम वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो आणि त्यावर चालणारा रिले खटका सोडून पुरवठा तोडतो. ३० मिलिअँपिअरच्या सर्वसाधारण साधनाने १५ मिलिअँपिअरपर्यंत खटका सोडता कामा नये, ३० ला ०.३ सेकंदात आणि १५० ला ०.०४ सेकंदात सोडला पाहिजे, अशी अपेक्षा असते. हे साधन धक्क्याची तीव्रता कमी करत नाही, केवळ त्याचा काळ कमी करते. तसेच एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला ते ओळखू शकत नाही, कारण तेथे समतोल ढळतच नाही.

या साधनाच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत, आणि ते बहुतांशी ‘साधन’ कशाला म्हणावे यावर अवलंबून आहेत. प्रवाहांच्या बेरजेवरून भूदोष ओळखण्याच्या कल्पनेचे जर्मन एकस्व (पेटंट) १९०३ च्या सुमाराचे मानले जाते. त्या आधारे काही लेखक श्रेय जर्मनीला देतात. १९२८ च्या सुमारास जर्मनीतच यंत्राची बॉडी आणि स्वतंत्र भूविद्युतग्र (जमिनीत पुरलेला धातूचा दांडा) यांमधील दाबावर चालणारे साधन पुढे आले. मूळ ईएलसीबी तो हा. बॉडी अन्य कोठेही, उदाहरणार्थ पाण्याच्या नळाला, टेकलेली असेल तर त्याचे वेटोळे टाळून प्रवाह निघून जातो. आणि उघड्या फेजला थेट हात लागल्यास ते काहीच करत नाही. तिसरा दावा दक्षिण आफ्रिकेतील अभियंते हेन्री रूबिन यांचा आहे. सोन्याच्या खाणींसाठी त्यांनी १९५५ मध्ये २५० मिलिअँपिअरला चालणारी आणि १९५६ मध्ये चुंबकीय प्रवर्धकावर (क्षीण संकेत वाढवणाऱ्या साधनावर) आधारलेली, १२.५ ते १७.५ मिलिअँपिअर इतकी संवेदनशील व्यवस्था तयार केली. १९५७-५८ मध्ये स्टिलफॉन्टेन येथील खाणवसाहतीच्या घरांत अशी काही शे साधने बसवण्यात आली. ऑस्ट्रियाचे गॉटफ्रीड बीगेलमायर यांचे काम याच दशकातले. अमेरिकेत चार्ल्स डॅल्झील यांनी १९६१ च्या सुमारास ट्रान्झिस्टरयुक्त साधन घडवले. माणसाला ‘सोडता येणारा’ प्रवाह किती, याविषयीचे त्यांचे प्रयोग त्याआधीच प्रमाणभूत ठरले होते. तत्त्वाचे श्रेय १९०३ च्या एकस्वाला देणे रास्तच आहे. तथापि जिवंत माणसाला थेट स्पर्शापासून वाचवणे ही कसोटी लावल्यास रूबिन यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो, कारण त्यापूर्वीच्या अशा समतोल-गाभा व्यवस्था अँपिअरच्या मापात चालत.

कारखान्यात सर्वाधिक धोका मुख्य पॅनेलपाशी नसून हाताने उचलायच्या साधनांपाशी असतो. फाउंड्रीच्या फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) विभागातील हँड ग्राइंडरची केबल, जिथे ती हँडलमध्ये शिरते नेमकी तिथे, रोजच्या वाकण्याने चिरते. तीन पिनांचा टॉप (प्लग) तुटलेला असतो म्हणून तारांची सोललेली टोके आगपेटीच्या काड्या खोचून सॉकेटमध्ये बसवली जातात, आणि अर्थिंगची हिरवी तार बाहेरच लोंबत राहते. प्लेटिंग विभागात पायाखालची फरशी सदैव ओली असते. दुसरी अडचण व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक साधन) बसवलेल्या यंत्रांची. त्यांच्या गाळणीतून भूमीकडे सतत थोडा प्रवाह जातो, त्यामुळे खटका विनाकारण पडतो. शिवाय त्यांच्या दोषप्रवाहातील एकदिश (डीसी) अंशामुळे साध्या ‘एसी’ प्रकारच्या साधनाचा गाभा संपृक्त होऊन ते आंधळे होऊ शकते. अशा ठिकाणी एकदिश गळतीही ओळखणारा ‘बी’ प्रकार लागतो. वारंवार ट्रिप होऊन उत्पादन थांबते म्हणून आरसीसीबीच्या वरच्या व खालच्या टर्मिनलांमध्ये तारेचा तुकडा टाकून ते बायपास करणे हा या सर्वांतील सर्वांत घातक प्रकार होय: बाहेरून साधन बसवलेले दिसते, पण गळती झाली तरी पुरवठा तुटत नाही. टेस्ट बटण दाबल्यास खटक्याची यंत्रणा तपासली जाते; अर्थिंगची स्थिती त्यावरून कळत नाही.

भारतात १९५६ च्या विद्युत् नियमांत नंतर घातलेल्या नियम ६१-अ ने आणि पुढे केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियम ४२ ने भूगळती संरक्षण बंधनकारक केले. नंतरच्या सुधारणेत मर्यादा घरगुती जोडणीसाठी ३०, इतरांसाठी १०० मिलिअँपिअर अशी घालण्यात आली. कारखान्यांसाठीची ही कमाल मर्यादा थेट स्पर्शापासून संरक्षणाला पुरेशी नाही; हातातील साधनांच्या उपपरिपथांवर ३० मिलिअँपिअरचे वेगळे साधन असणे आवश्यक आहे. आरसीसीबीची भारतीय मानके आयएस १२६४० मध्ये, तर अर्थिंगची आयएस ३०४३ मध्ये आहेत.

विद्युत् अधिनियम २००३ च्या कलम १६१ खाली अपघाताची सूचना विद्युत् निरीक्षकाला द्यावी लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक तक्त्यांत विजेच्या धक्क्याने झालेले मृत्यू आणि कारखाना वा यंत्र यांमुळे झालेले मृत्यू यांचे रकाने स्वतंत्र आहेत. यंत्राच्या बॉडीत उतरलेल्या करंटने दगावलेल्या कामगारांची वेगळी संख्या त्यांतून निघत नाही.