नाव ऑलिंपिक, पण ऑलिंपिकशी नातं नाही

सॅन फ्रान्सिस्कोचा ‘ऑलिंपिक क्लब’ आधुनिक ऑलिंपिक स्पर्धांवरून नाव घेऊन निघाला आणि तिथलं गोल्फ मैदानही त्या स्पर्धांसाठीच तयार झालं, हा समज बऱ्याच वर्षांपासून ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

क्लब स्थापन झाला ६ मे १८६० रोजी. अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक भरलं १८९६ साली, म्हणजे तब्बल ३६ वर्षांनी! सुरुवातीला इथे मुख्यतः व्यायामशाळा होती, बॉक्सिंग होतं. हेवीवेट विजेता जेम्स कॉर्बेट याच क्लबचा. गोल्फ आलं थेट १९१८ मध्ये, मर्सेड तलावाजवळचं एक मैदान क्लबने ताब्यात घेतल्यावर. क्लबचे काही खेळाडू पुढे ऑलिंपिकमध्ये उतरले, हे मात्र खरं. गोंधळ बहुधा तिथूनच वाढला असावा.

ऑलिंपिकमधलं गोल्फ या मैदानावर कधीच झालं नाही. इथे गाजली ती यूएस ओपन, म्हणजे अमेरिकेची मोठी गोल्फ स्पर्धा : १९५५, १९६६, १९८७, १९९८ आणि २०१२. त्यातली पहिली माझ्या मते सगळ्यांत विलक्षण. नामवंत गोल्फपटू बेन होगन आणि जॅक फ्लेक यांच्यात बरोबरी झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा १८ होलचा सामना झाला. गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो; शेवटच्या होलवर होगन एका फटक्याने मागे होता. चेंडू मारताना त्याचा पाय घसरला आणि चेंडू उंच, दाट गवतात गेला. तो बाहेर काढायलाच त्याला तीन फटके लागले. आयोवातल्या सार्वजनिक मैदानावर काम करणारा फ्लेक ६९ विरुद्ध ७२ असा जिंकला, तोही होगनच्याच कंपनीच्या स्टिक वापरून.