रेकॉर्डच्या खाचेतून आलेला कॉम्प्रेसर

अंधेरीतल्या एखाद्या छोट्या स्टुडिओत नवा मिक्स इंजिनिअर हमखास विचारतो, "मास्टरवर कोणता कॉम्प्रेसर लावू?" कॉम्प्रेसर म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की तो आपोआप दाबणारं यंत्र, आणि मास्टर म्हणजे गाण्यातले सगळे आवाज एकत्र येतात ती शेवटची वाहिनी. त्याला चार प्लगइनची, म्हणजे अशा यंत्रांच्या संगणकातल्या नकलांची, नावं मिळतात. ती प्लगइन ज्या यंत्रांवरून बेतली, ती यंत्रं कुठल्या अडचणीपोटी बांधली गेली हे कुणी सांगत नाही, आणि निवड नेमकी तिथेच अडते.

पहिली अडचण रेडिओची होती. अचानक चढलेला आवाज ट्रान्समीटरला झेपत नसे, म्हणून १९३७ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकने ११०-ए हा आवाज आपोआप रोखून धरणारा अॅम्प्लिफायर आणला. तो मोनो होता, म्हणजे एकाच वाहिनीचा. दोन कानांचा प्रश्न आला तो १९५८च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्यावर. या तबकडीच्या खाचेत सुईची आडवी हालचाल म्हणजे दोन्ही बाजूंचा समान आवाज आणि उभी हालचाल म्हणजे दोन्हींतला फरक. उभी हालचाल फार झाली की सुई खाच सोडून उडते. अभियंते रेन नार्मा यांच्या रचनेवर बनलेला फेअरचाइल्ड ६७० हा कॉम्प्रेसर तबकडी कापणाऱ्यांसाठीचा उपाय होता: २० व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या), ११ ट्रान्सफॉर्मर, वजन सुमारे ३० किलो. डावा-उजवा सोडून आडवी आणि उभी हालचाल वेगवेगळी आवरण्याची सोय त्यात होती. आज मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या संस्कारात, ज्याला मिड-साइड म्हणतात ती हीच. त्याची मऊ पकड व्हॉल्व्हमुळे येते. सिग्नल जितका जोरात, तितका रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, आपसूक वाढत जातो.

आपल्याकडे ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत अख्खा वाद्यवृंद गायकासोबत वाजत असे. ती गाणी मोनो होती. तिथला तोल वादक माइकपासून किती दूर बसला यावर आणि रेकॉर्डिस्टच्या बोटांवर उभा असे. त्या मुद्रणांतली मोकळीक मला आजही हेवा वाटावी अशी वाटते.

स्टिरिओत मात्र नवीच भानगड होते. डग्गा थोडा डावीकडे ठेवला आणि दोन्ही चॅनल स्वतंत्रपणे दाबले, तर प्रत्येक घुमाऱ्याला डावी बाजू खाली बसते आणि मधला गायक उजवीकडे सरकल्यासारखा वाटतो. म्हणून स्टिरिओ लिंक लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना एकाच वेळी सारखाच दाब. लिंक असली तरी डग्गा सगळ्या मिक्सला ओढतोच, तानपुरा 'धा'बरोबर बुडतो. त्यावर साइडचेनमधला हाय-पास फिल्टर हा इलाज. साइडचेन म्हणजे किती दाबायचं हे ज्या सिग्नलवरून ठरतं तो मार्ग; हा फिल्टर त्यातला खर्ज गाळतो, म्हणून डग्ग्याने दाब वाढत नाही. आपल्या संगीतासाठी कॉम्प्रेसर घेताना मी हा फिल्टर सगळ्यात आधी शोधतो.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या एसएसएल (सॉलिड स्टेट लॉजिक) कंपनीने ४००० मालिकेच्या कन्सोलच्या, म्हणजे मिक्सिंगच्या मोठ्या टेबलाच्या, मधोमधच स्टिरिओ कॉम्प्रेसर बसवला. तो व्हीसीएवर, म्हणजे विद्युतदाबाने आवाज कमी-जास्त करणाऱ्या अॅम्प्लिफायरवर, चालतो. रेशो तीनच, २, ४ आणि १०, अटॅक, म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ, ०.१ ते ३० मिलिसेकंद. रिलीजला, म्हणजे दाब सुटायच्या वेळेला, एक 'ऑटो'. मिक्स एकजीव करण्याची त्याची ख्याती इथूनच झाली. १० किंवा ३० मिलिसेकंदांच्या अटॅकवर ढोलकीची चाटी दाबली जाण्याआधीच निसटते आणि ठसठशीत ऐकू येते, ०.१ वर ती बोथट होते.

म्हणून ढोलकी-हलगीच्या गाण्याच्या मिक्सला मी व्हीसीए घेईन. भावगीत किंवा अभंगाच्या मास्टरिंगला व्हॉल्व्हच्या जातीचा, तोही १ ते २ डेसिबलपेक्षा जास्त न दाबता. कोणताही पारखताना कॉम्प्रेसर चालू आणि बंद, दोन्हींची पातळी आधी सारखी करून घ्यावी. नाहीतर जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो.