भंगारातला माणूस आणि तांब्याची तार

२००५ साली लंडनमध्ये सात मीटर उंचीचा एक माणूस उभा राहिला. वॉशिंग मशीन, टीव्ही, मोबाइल असं टाकून दिलेलं सामान जोडून पॉल बोनोमिनी यांनी हे शिल्प तयार केलं. तोंडातले दात म्हणजे कॉम्प्युटरचे माउस. वजन ३.३ टन. ब्रिटनमधला सर्वसाधारण माणूस जन्मभरात विजेवर चालणाऱ्या जेवढ्या वस्तू फेकतो, त्यांचं हे वजन. पुढे हे शिल्प इंग्लंडमधल्याच कॉर्नवॉलच्या ईडन प्रोजेक्ट या उद्यानात गेलं.

अशा कचऱ्यात वजनाने सगळ्यात जास्त भरतं ते लोखंड आणि पोलाद. पोलाद कितीही वेळा वितळवता येतं, म्हणून ते भंगारात गेलं की काळजी मिटली असं आपण धरून चालतो. तांब्यामुळे ती मिटत नाही.

वॉशिंग मशीनची मोटर श्रेडरमध्ये, म्हणजे भंगाराचे तुकडे करणाऱ्या यंत्रात, चिरडली की तिच्यातली तांब्याची तार लोखंडी गाभ्यात गुरफटून बसते. चुंबक लोखंड उचलतं, त्याबरोबर तांबंही भट्टीत जातं. वितळलेल्या पोलादात ऑक्सिजन फुंकून कार्बन, सिलिकॉन जाळून काढता येतात. पण ऑक्सिजनशी संयोग पावण्याची ओढ तांब्यापेक्षा लोखंडाला जास्त. तांबं जाळायला जावं तर आधी पोलादच जळेल. त्यामुळे एकदा मिसळलेलं तांबं पोलादात कायमचं राहतं. पुढे सुमारे ११०० अंश सेल्सिअसला तापवून पत्रा लाटताना पृष्ठभागावरच्या लोखंडाची ऑक्सिजनशी संयोग पावून खपली होते आणि तिच्याखाली तांबं साचतं. ते १०८५ अंशांनाच वितळतं, पोलादाच्या कणांमधल्या सीमांत झिरपतं आणि पत्र्याला भेगा पडतात. यासाठी पाव टक्क्याच्या आसपास तांबंही पुरतं.

म्हणून भंगाराच्या गोदामात छिन्नी-हातोडा घेऊन मोटर फोडणारा कामगार मला फार मोलाचा वाटतो. तांब्याला भाव चांगला म्हणून तो तार सोडवतो, पण त्यामुळे लोखंडही चोख राहतं. वायरवरचं प्लास्टिक काढायला ती जाळली जाते, तेव्हा मात्र पीव्हीसी या प्लास्टिकच्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषं निघतात आणि तो धूर सर्वात आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. वायर सोलायचं साधं यंत्र हाताशी असलं तर हे टळतं. शिवाय सोललेल्या चकचकीत तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा जास्त दर मिळतो.