ग्रहांची रांग: नांदगावच्या दैवज्ञांपासून अष्टग्रहीपर्यंत

२०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि शनी, वर रोहिणीजवळ गुरू आणि पूर्वेला पुनर्वसूच्या ताऱ्यांपाशी तांबूस मंगळ अशी चार ग्रहांची ओळ नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. बातम्यांमध्ये तिला 'ग्रहांची परेड' म्हटले गेले आणि पाठोपाठ नेहमीचे दोन प्रश्न आले: हे किती वर्षांनी घडते, आणि याचा परिणाम काय होतो? या दोन्ही प्रश्नांना फार जुना इतिहास आहे. त्यातला एक महत्त्वाचा भाग कोकणात घडला, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

मुळात ग्रह एका रांगेत दिसण्यात अपूर्वाई नाही. सगळ्या ग्रहांच्या कक्षा जवळजवळ एकाच पातळीत आहेत. पृथ्वीच्या कक्षेशी बुधाची कक्षा सुमारे ७ अंश कललेली, बाकीच्यांचा कल त्याहून बराच कमी. त्यामुळे ग्रह आकाशात कधीही पाहा, ते क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक वाटेच्या, पट्ट्यातच सापडतात. दुर्मीळ असते ती वेळ: बरेच ग्रह एकाच सुमारास सूर्याच्या एका बाजूला यावेत आणि सूर्य मावळल्यावरही क्षितिजाच्या वर राहावेत.

सगळे ग्रह एकत्र येण्याच्या कल्पनेवर आपली कालगणनाच उभी आहे. आर्यभटाने सांगितले की तो २३ वर्षांचा असताना, म्हणजे इ. स. ४९९ मध्ये, कलियुगाची ३६०० वर्षे सरली होती. त्या हिशेबाने कलियुग इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये सुरू होते, आणि त्या क्षणी सर्व मध्यम ग्रह (सरासरी गतीने काढलेल्या ग्रहांच्या जागा) मेषारंभी एकत्र होते असे गृहीत धरलेले आहे. आजच्या गणिताने पाहिले तर तेव्हा ग्रह एका बिंदूत नव्हते. पण गणिताला कुठून तरी सुरुवात लागते, आणि त्यासाठी ही कल्पना सोयीची होती. अडचण आली ती पुढे. हजार वर्षांत लहानलहान चुका साठत गेल्या आणि पोथीतला ग्रह आकाशातल्या ग्रहापासून दूर सरकला.

ही चूक पकडायची कशी? इथे युती, म्हणजे दोन ग्रहांचे आकाशात जवळ येणे, कामाला येते. दोन ग्रह जवळ आले की त्यांच्यातले अंतर डोळ्यांनी नेमके ताडता येते आणि गणिताने दिलेला दिवस बरोबर की चूक ते लगेच कळते. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ नेमके हेच करत होते. त्यांचा 'ग्रहकौतुक' हा ग्रंथ १४९६ चा. कोणत्या सिद्धांताचा, म्हणजे कोणत्या जुन्या गणितग्रंथाचा, कोणता ग्रह आकाशाशी जुळतो आणि कोणता जुळत नाही, हे त्यांनी नोंदवून ठेवले आणि पुढच्या गणकांनी ग्रहांच्या युती व उदयास्त पाहून गणित सुधारत राहावे असे सांगितले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथात केशवांच्या या वेधांची, म्हणजे आकाशनिरीक्षणांची, आवर्जून दखल घेतली आहे.

केशवांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी वडिलांचे काम पुढे नेले. 'ग्रहलाघव' या त्यांच्या ग्रंथाचा आरंभकाल शके १४४२, म्हणजे १५२०. त्यातला एक श्लोक मला फार मोलाचा वाटतो. गणेश दैवज्ञ सांगतात: रवी सूर्यसिद्धांताचा घ्या, चंद्र त्याच सिद्धांताचा पण ९ कला (६० कला म्हणजे १ अंश) कमी करून घ्या, गुरू आणि मंगळ आर्यपक्षाचे, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेतले, घ्या, शनी आर्यपक्षाचाच पण त्यात ५ अंश मिळवा. कुठल्याही एका परंपरेशी एकनिष्ठ राहण्यापेक्षा आकाशाशी जुळवून घेतलेला हा हिशेब आहे. हात लांब करून मधली तीन बोटे धरली की साधारण ५ अंश होतात. शनी एवढा चुकला तर गुरू-शनी युतीची तारीख तीन महिन्यांहून अधिक पुढेमागे होते. इतकी चूक मुकाट्याने चालवून घ्यायची नाही, हे धाडस पाचशे वर्षांपूर्वी कोकणातल्या एका गावात झाले.

त्याच सुमारास युरोपात काय चालले होते? फेब्रुवारी १५२४ मध्ये ग्रह मीन राशीत जमणार म्हणून महापुराची भाकिते छापली जात होती. पत्रकांचा नुसता पाऊस पडला होता. प्रलय आला नाही. पण चाळीसच वर्षांनी, ऑगस्ट १५६३ मध्ये, सोळा वर्षांच्या टायको ब्राहे याने लाइपझिगमध्ये गुरू-शनी युती पाहिली. जुनी कोष्टके जवळपास महिन्याने आणि कोपर्निकसच्या गणितावर बेतलेली नवी कोष्टके काही दिवसांनी चुकत होती. त्या चुकीने अस्वस्थ होऊन त्याने वेधांनाच आयुष्य वाहिले. पुढे त्याच वेधांवरून केपलरने ग्रहगतीचे नियम काढले. नांदगाव आणि लाइपझिग यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. प्रश्न मात्र एकच होता.

ग्रहलाघवही अखेर जुने झाले. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापली, नंतर व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवे ग्रहगणित रचले आणि महाराष्ट्रात पंचांगाचा वाद कित्येक वर्षे रंगला. तो स्वतंत्र विषय आहे.

'परिणाम काय' या प्रश्नाने आपल्याकडे कळस गाठला तो १९६२ मध्ये. ३ ते ५ फेब्रुवारीला सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी आणि केतू असे आठ 'ग्रह' मकर राशीत येणार होते. 'अष्टग्रही' हा शब्द जुन्या पिढीच्या अजून लक्षात आहे. जगबुडी होणार या धास्तीने देशभर यज्ञ आणि पूजापाठ झाले. पंतप्रधान नेहरूंनी ही भीती हसण्यावारी नेली, तरी लोकांच्या मनातून ती गेली नाही.

त्या आठांची यादी जरा जवळून पाहू. केतू हा गोल नाहीच. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला छेदते त्या दोन बिंदूंपैकी तो एक. ५ फेब्रुवारीला अमावास्या होती आणि खग्रास सूर्यग्रहणही होते. सूर्यग्रहण म्हणजेच सूर्य आणि चंद्र राहू किंवा केतूजवळ एकत्र असणे. म्हणजे आठांपैकी तिघांचा योग हा एका ग्रहणाचाच योग होता. उरले पाच ग्रह, आणि तेही सूर्याच्या इतके जवळ की त्याच्या तेजात हरवलेले. न्यू गिनीसारख्या खग्रास पट्ट्यातल्या लोकांना ते ग्रहणाच्या काळोखात दिसण्याची शक्यता तरी होती. आपल्याकडे त्या वेळी सूर्यही उगवलेला नव्हता. ज्या योगाची देशाने एवढी धास्ती घेतली, तो इथून कुणाला दिसणारच नव्हता.

ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीचे म्हणाल तर शुक्र अगदी जवळ असतानाही समुद्रावर त्याचा भरती-ओहोटीचा जोर चंद्राच्या दहा हजारांश भागाएवढाही नसतो. मार्च १९८२ मध्ये ग्रहांच्या जुळणीमुळे कॅलिफोर्नियात मोठा भूकंप होईल असे भाकीत एका गाजलेल्या इंग्रजी पुस्तकाने केले होते, तेही फोल ठरले. त्याच सुमारास बाहेरच्या ग्रहांच्या खऱ्या जुळणीचे चीज होत होते. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून सुमारे १७५ वर्षांनी अशा जागी येतात की एका ग्रहाच्या ओढीचा फायदा घेऊन यान पुढच्याकडे जाऊ शकते. ही संधी १९६५ मध्ये गॅरी फ्लॅन्ड्रो यांनी हेरली. १९७७ मध्ये निघालेले व्हॉएजर २ त्याच वाटेने १९८९ मध्ये नेपच्यूनपाशी पोहोचले.

डोळ्यांना सुख देणारे योग वेगळेच. एप्रिल-मे २००२ मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसणारे पाचही ग्रह संध्याकाळी पश्चिमेला जमले होते. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी यांच्यात जेमतेम ६ कलांचे, म्हणजे चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढे अंतर राहिले. ही महायुती साधारण २० वर्षांनी होते, पण इतकी जवळची १६२३ नंतर झालीच नव्हती, आणि १६२३ ची सूर्याजवळ असल्याने पाहायला अवघड होती. दुर्बिणीच्या एकाच दृष्टिक्षेत्रात गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी एकदम दिसत होती.

यापुढचा मोठा योग ८ सप्टेंबर २०४० च्या संध्याकाळचा. बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी कन्या राशीत सुमारे १० अंशांच्या आत येतील आणि जोडीला चंद्रकोर असेल. तेव्हा भाद्रपद नुकताच लागलेला असेल आणि गणपती एक-दोन दिवसांवर आलेले असतील. ढगांचा धोका आहे, म्हणून त्या एकाच संध्याकाळवर विसंबू नये. आधीचे आणि नंतरचे काही दिवसही ग्रह जवळपासच राहतील. ऑक्टोबरअखेरची गुरू-शनी महायुती मात्र पहाटेच्या आकाशात होईल. सप्टेंबरमधला मेळा सूर्यापासून फार लांब नसेल, तेव्हा पश्चिम क्षितिज मोकळे असलेली जागा आधीच हेरून ठेवावी. कोकण किनारा त्यासाठी उत्तम.