मळीचं पेट्रोल

हवामानबदलाचा विषय निघाला की इथेनॉल, सीएनजी आणि विजेवरची गाडी यांची तुलना ठरलेलीच. पण यातली पहिली दोन इंधनं आपल्याकडे हवामानाच्या काळजीपोटी आलेलीच नाहीत. सीएनजी आला तो दिल्लीच्या धुरामुळे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या बसगाड्या सीएनजीवर आणायला सांगितलं. आणि इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल, आलं मळीतून.

उसाचा रस आटवून साखरेचे दाणे काढले की उरते ती मळी. ती पुन्हा उकळायची, पुन्हा साखर काढायची. तिसऱ्या खेपेनंतर राहते ती डांबरासारखी काळी, चिकट सी-हेवी मळी. तिचा आंबूस वास साखरपट्ट्यातल्या माणसाला डोळे मिटूनही ओळखता येतो. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याचा कायदा १९४८ सालीच झाला होता, तरी मळी जात राहिली ती दारू आणि रसायनांकडेच. २००० साली तो कायदा रद्द झाला आणि, गंमत बघा, पुढच्याच वर्षी मिरज, मनमाड आणि बरेली इथे इथेनॉल-मिश्रित पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले.

जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण लागू झालं. लगेच ऊस कमी पडला आणि सक्ती ढिली करावी लागली. २०१३-१४ मध्ये तर मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं.

खरं वळण आलं २०१८ च्या जैवइंधन धोरणाने. गोदामांत साखर पडून, एफआरपी (शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान दर) थकलेली, अशा काळात बी-हेवी मळीपासून, म्हणजे शेवटची साखर न काढताच, आणि थेट रसापासूनही इथेनॉल करायची वाट मोकळी झाली. दरही वेगळा, चढा. जून २०२२ मध्ये १० टक्के मिश्रण गाठलं आणि २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आलं.

माझ्या मते गोंधळ इथेच झाला. सी-हेवी मळीचं इथेनॉल म्हणजे साखर काढून जे उरलं त्याचा उपयोग. रसाचं इथेनॉल म्हणजे खास इंधनासाठी पिकवलेला ऊस. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी धरलं आहे. जळताना निघणारा कार्बन उसानेच हवेतून घेतलेला असतो हे खरं, पण खत, पाणी उपसायची वीज आणि वाहतूक हिशेबात धरावीच लागते. शिवाय लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज पडतं. विजेवरच्या गाडीचा धूर चंद्रपूर-कोराडीच्या चिमणीतून निघतो, हा टोमणा रास्त आहे; तरी गाडीच्या पूर्ण आयुष्याच्या बहुतेक हिशेबांत ती पेट्रोलपेक्षा कमीच कार्बन सोडते.

डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं आणि डिस्टिलऱ्या इथेनॉलसाठी मक्याकडे वळल्या. एरवी मका निर्यात करणाऱ्या भारताने २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणला, आणि कोंबडीखाद्य महागल्याची ओरड पोल्ट्रीवाल्यांनी सुरू केली.